अलीगढचा जमादार फोडता येईल का? (सप्टेंबर १८०३)

पडद्यामागचा

दोन अंकी नाटकाचा खर्डा तयार आहे, पण एका प्रवेशावर गाडी अडली आहे. इथे कंपू (कवायती फौजा) आणि गारदी (त्यांतले पगारी बंदूकवाले) यांवर वाचन असलेली मंडळी आहेत म्हणून विचारतो.

काळ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणीतला एक जमादार, अवधकडचा, पगारावर शिपाईगिरी करणारा. त्याची तुकडी अलीगढच्या दरवाज्यावर आहे. बाहेर ईस्ट इंडिया कंपनीच्या जनरल लेकचा तळ पडला आहे. कंपनीचा हस्तक त्याला गाठतो आणि म्हणतो, रात्री दिंडी (मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार) उघड, पैसे घे. धन्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही, दौलतरावांना त्यानं कधी पाहिलेलंही नाही. पण आत त्याच्याबरोबर दहा-बारा वर्षं एका चुलीवर जेवलेली माणसं आहेत आणि दिंडी उघडली की तीच आधी मरणार.

माझे प्रश्न असे. असा माणूस फुटेल का? फुटणार असेल तर किती रकमेला, आणि ती रक्कम त्याच्यापर्यंत कशी पोचेल? असे सौदे कुठे फसतात? 'भाडोत्री तो भाडोत्रीच' किंवा 'खाल्ल्या मिठाला जागणारे ते' यातलं एकही उत्तर नको, दोन्ही नाटकात आधीच आहेत.

---

मोडीवाला

प्रवेश काल्पनिक असला तरी सौद्याचा प्रयत्न खरा आहे. अलीगढ ४ सप्टेंबरला पडला. त्यानंतर लेकनं गव्हर्नर जनरल वेलस्लीला जे पत्र लिहिलं त्यात तो सांगतो की किल्ला सोडावा म्हणून आतल्या लोकांना सगळ्या प्रकारे वळवून पाहिलं, फार मोठी रक्कमही देऊ केली, पण ते हटले नाहीत आणि शौर्यानं लढले. म्हणजे थैली उघडून बसलेला माणूसच कबूल करतो की माल मिळाला नाही.

आता हिशोब. शिंद्यांचे कंपू उभे करणाऱ्या डी बॉयननं महादजींशी केलेल्या करारात शिपायामागे महिना ८ रुपये आणि स्वतःला १००० रुपये ठरले होते. शिपायाच्या हातात तो साडेपाच रुपये ठेवी आणि उरलेल्यातून अधिकाऱ्यांचे पगार भागवी. साडेपाचाच्या हिशोबानं वर्षाचे ६६ रुपये. जमादाराला अर्थातच जास्त. त्यामुळे हजार रुपये म्हणजे साध्या शिपायाची पंधरा वर्षांची कमाई. रक्कम कमी पडत होती म्हणून कोणी फुटलं नाही, असं म्हणायला जागा नाही.

जमादार हा नुसता हुद्दा नव्हता, हेही लक्षात घ्या. त्या काळी जमादार आपल्या गावची, आपल्या नात्यातली पोरं घेऊन भरतीला येई. पलटणीतली त्याची पत म्हणजे त्यानं आणलेली माणसं. त्यानं दिंडी उघडली आणि आतले पंचवीस कापले गेले, तर त्यातले दहा त्याच्या पंचक्रोशीतले असणार. मग ते हजार रुपये घेऊन तो जाणार कुठे? गावात त्याच पोरांच्या आया बसल्या आहेत. हा अडथळा भावनेचा आहे तितकाच व्यवहाराचाही आहे, आणि नाटककाराला दुसरा जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

शिवाय डी बॉयननं घालून दिलेल्या पद्धतीत जखमी शिपायाला जखमेच्या मानानं पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांच्या पगाराएवढं बक्षीस मिळे आणि बरा होईपर्यंत पगार चालू राही. कायमचा अपंग झाला तर निम्मा पगार जन्मभर. मेला तर त्याची चीजवस्तू नातेवाइकांना. त्याच्या जागी आलेल्या पेराँच्या काळात हे किती काटेकोर पाळलं गेलं हा वेगळा विषय, पण शिपायाच्या मनात 'इथे टिकलो तर काय मिळतं' याचा आकडा पक्का होता. हस्तकाला त्या आकड्याशी स्पर्धा करायची होती.

---

तोफखाना

तुमच्या दिंडीबद्दल आधी बोलतो, कारण अलीगढ माहीत असलेला प्रेक्षक तिथेच उठून जाईल.

अलीगढला एक दरवाजा उघडून काहीच होत नाही. सभोवती रुंद, पाण्यानं भरलेला खंदक आणि आत जायला एकच चिंचोळा बांध. त्यावरून एकापाठोपाठ चार दरवाजे, मधली वाट वळणाची, दोन्ही बाजूंनी मारा. पहाटेच्या हल्ल्यात कर्नल मॉन्सनच्या लोकांनी आधी शिड्या लावून पाहिल्या, जमलं नाही. मग सहापौंडी तोफ पुढे आणली, ती दरवाज्यापुढे दुबळी ठरली. बारापौंडी आणून चार-पाच बार काढल्यावर पहिला दरवाजा फुटला. त्यात वीसेक मिनिटं गेली, आणि ही सगळी माणसं तेवढा वेळ बांधावर उघड्यावर उभी होती. मॉन्सन स्वतः तिथेच जखमी झाला. दुसरा दरवाजा सहज गेला, तिसऱ्यातून पळणाऱ्यांच्या मागोमाग आत घुसले. चौथा तोफेलाही दाद देईना, तेव्हा मेजर मॅक्लाउड दिंडीतून आत शिरला आणि तटावर चढला.

तुमच्या जमादाराला दिंडीच उघडायला लावायची असेल तर ती चौथ्या दरवाज्याची हवी, आणि तीही बाहेरचे तीन पडल्यावर. रात्री गुपचूप बाहेरची दिंडी उघडली तर हल्ला करणारे पहिल्या आणि दुसऱ्या दरवाज्याच्या मधे उंदरासारखे अडकतील.

आता फुटलेल्या माणसाबद्दल. असा एक होता, पण तो जमादार नव्हता आणि हल्ल्याच्या वेळी आतही नव्हता. ल्यूकन नावाचा ब्रिटिश प्रजाजन अधिकारी, शिंद्यांच्या नोकरीतून नुकताच बाहेर पडलेला. दरवाज्यापर्यंतची वाट त्याला माहीत होती आणि त्यानं हल्ल्याच्या तुकडीला वाट दाखवली. जिथे पगार खाल्ला त्याच किल्ल्यावर चालून गेला. १८०४ च्या जुलैत मॉन्सनच्या माघारीत तो होळकरांच्या तावडीत सापडला आणि जिवंत परतला नाही.

म्हणजे माणूस विकत मिळाला, पण कोणता मिळाला ते बघा. त्याचे सोबती त्याच्या आधीच किंवा त्याच्याबरोबर बाहेर पडले होते. आत उरलेल्या शिपायांबरोबर त्याची चूल कधीच एक नव्हती.

---

उंटावरचा

वरच्या दोघांशी निम्मा सहमत. तुम्ही दोघेही 'विकत घेणं' हा शब्द फार ढोबळ वापरताय.

१८०३ मध्ये कंपनीनं जे घेतलं ते नोकरी सोडणं होतं. पेराँशी बोलणं लावायची मुभा लेकला जुलैअखेरच मिळाली होती. २९ ऑगस्टच्या जाहीरनाम्यात शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश प्रजाजनांना, आणि पुढे इतर युरोपियनांनाही, सांगितलं की बाहेर या, तिथे मिळत होतं तेवढं देऊ. कुठेही असं म्हटलेलं नाही की तुमच्या पलटणीवर गोळ्या झाडा, मग देऊ. या फरकातच कंपनीचं शहाणपण आहे. सोडून जाणाऱ्याला आरशात तोंड बघता येतं.

आणि गाजरामागे काठी होती. ब्रिटिश प्रजाजन असून शत्रूच्या चाकरीत राहिलात तर पुढे तुमच्याकडे कोण म्हणून बघितलं जाईल, हे सांगायची गरज नव्हती. पेराँचं तर सगळंच वेगळं. त्याची साठवण कंपनीच्या रोख्यांत. दौलतरावांच्या दरबारात त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांची नेमणूक झालेली. हाताखालचा बूर्काँ त्याच्यावर उलटलेला. अलीगढ पडल्यावर तीन दिवसांत, ७ सप्टेंबरला, त्यानं लेककडे वाट मागितली आणि मालमत्तेसकट, पहाऱ्यासकट सुखरूप लखनौकडे निघून गेला. त्याला कोणी विकत घेतलं म्हणायचं? त्यानं आपली पुंजी सोडवून घेतली, बस.

उलट उदाहरण होळकरांकडचं. व्हिकर्स हा यशवंतरावांचा पलटणवाला. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या लढाईत तो होळकरांकडून लढला, समोर शिंद्यांच्या बाजूला कॅप्टन डॉज होता, तो तिथेच पडला. पुण्याच्या वेशीवर गोरे गोऱ्यांना मारत होते आणि कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही, कारण दोघांचे पगार वेगळे होते. पण १८०४ मध्ये कंपनीविरुद्ध लढायची वेळ आली तेव्हा व्हिकर्स, डॉड आणि रायन यांनी नकार दिला आणि यशवंतरावांनी तिघांची मुंडकी उडवली. हडपसरला जो माणूस पैशासाठी देशबांधवांवर चालून गेला, तोच दीड वर्षानं त्यांच्यासाठी मान देतो. तेव्हा 'मित्र' कोण हे आधी ठरवा. तेच जर लढाईगणिक बदलत असेल तर भाव कशाचा काढणार?

---

मोडीवाला

उंटावरचा, हडपसरचा दाखला चोख आहे. एकच भर घालतो. अधिकारी गेले आणि शिपाई राहिले, हे १८०३ चं खरं चित्र आहे. दिल्लीजवळच्या ११ सप्टेंबरच्या लढाईनंतर तीन दिवसांत बूर्काँ आणि आणखी चार अधिकारी लेकच्या स्वाधीन झाले. दक्षिणेतून आलेल्या ज्या पलटणी १ नोव्हेंबरला लासवाडीला उभ्या राहिल्या त्यांच्यावर तोवर युरोपियन अधिकारी उरलेले नव्हते. त्यांनी काय केलं? गोलंदाज संगिनीनं भोसकले जाईपर्यंत तोफांपाशी राहिले. लेकनं स्वतः लिहिलं आहे की यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता याची शंकाच आहे, आणि इतक्या बिकट प्रसंगात आपण कधी सापडलो नव्हतो. त्याची आठशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली.

असईलाही तेच. आपल्या जालना जिल्ह्यातलं गाव, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधलं. २३ सप्टेंबरला तिथल्या गोलंदाजांनी मेल्याचं सोंग घेतलं, इंग्रजांची रांग पुढे सरकली तसे उठले आणि तोफा फिरवून मागून मारा केला. पोलमन हा त्यांचा हॅनोव्हरचा सेनानी पुढे कंपनीच्या नोकरीत शिरला. गोलंदाज तोफेशी मेले.

एकाच कंपूत, एकाच खजिन्यातून पगार घेणारे दोन थर. वरच्या थराला सोबती असे नव्हतेच. होते ते प्रतिस्पर्धी, आणि घरी न्यायची पुंजी. खालच्या थराकडे पुंजी नव्हती, सोबती होते.

---

घाटमाथा

फारच गोड चित्र रंगतंय. आग्रा विसरलात.

ऑक्टोबर १८०३. दिल्लीहून मागे हटलेल्या आणि इतर मिळून सात पलटणी आग्र्याच्या किल्ल्याबाहेर येऊन थांबल्या. आतली शिबंदी शिंद्यांचीच, बाहेरचेही शिंद्यांचेच, एकाच कंपूतले. आतल्यांनी दरवाजे उघडले नाहीत. का? किल्ल्यात वीस लाखांच्या वर खजिना होता आणि तो आपसात वाटून घ्यायचा बेत होता. बाहेरचे आत आले असते तर वाटेकरी वाढले असते. आपल्या युरोपियन अधिकाऱ्यांना तर त्यांनी आधीच कोंडलं होतं. १० तारखेला लेकनं बाहेरच्या पलटणींवर हल्ला चढवला तेव्हा आतले तटावर होते. दोन-तीन दिवसांनी बाहेरचे उरलेले अडीच हजार कंपनीकडे गेले, अट एकच, शिंद्यांकडे होता तोच पगार. आठवडाभरात आतलेही शरण आले. खजिना गेला लेकच्या फौजेच्या लुटीत.

इथे बाहेरच्या हस्तकानं छदामही दिला नाही. सोबत्यांना सोबत्यांविरुद्ध उभं केलं ते समोर पडलेल्या पैशानं. तेव्हा 'खालच्या थराकडे सोबती होते' हे वाक्य लासवाडीला खरं आहे, आग्र्याला नाही. माझ्या मते फरक असा: आग्र्याला आत विरुद्ध बाहेर असे दोन गट पडले होते आणि प्रत्येक गट आतून घट्ट होता. कोणी एकट्यानं कोणाला विकलेलं नाही. गटानं गटाला विकलं.

---

पडद्यामागचा

प्रत्येक प्रतिसादाबरोबर माझा प्रवेश मोडतोय आणि सुधारतोय. आग्रा माझ्या ध्यानातच नव्हतं.

दोन पोटप्रश्न. एक, पगार तुंबला असेल तर? माझ्या जमादाराचा चार महिन्यांचा पगार थकलेला दाखवला आहे. म्हणजे तो फुटायला सोपा, असं मी धरून चाललो होतो. दोन, १७७३ च्या गारद्यांनी प्रत्यक्ष पेशव्याला मारलं. ते तर पैशावरच ना?

---

तोफखाना

पगार तुंबला की माणूस फुटतो हे अर्धसत्य. तुंबलेल्या पगाराचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या उलट जातात.

पहिला उघड आहे, राग. दुसरा कमी लोकांच्या लक्षात येतो: चढलेली बाकी माणसाला बांधून ठेवते. आज गेलो तर चार महिन्यांचं पाणी सोडावं लागतं. हिंदुस्थानातले सरदार बाकी नेहमी थोडी चढतीच ठेवत, त्याचं हे एक कारण. म्हणून पगार थकला की शिपायाची पहिली हालचाल धरणं धरण्याची असते. सरदाराच्या तंबूपुढे बसायचं, त्याला जेवू द्यायचं नाही, उठू द्यायचं नाही. पळून जाणं किंवा शत्रूला मिळणं नंतर, बाकी बुडालीच अशी खात्री झाल्यावर. आठशेच्या पलटणीचा चार महिन्यांचा पगार साडेपाचच्या दरानं १७,६०० रुपये होतो. तुमच्या हस्तकाला पलटण हवी असेल तर त्यानं एका माणसाला हजार देण्यापेक्षा 'सगळ्यांची बाकी आम्ही चुकती करू' म्हणणं जास्त परिणामकारक. मग जमादाराला सोबत्यांना विकायचं नसतं, त्यांच्यासाठी सौदा करायचा असतो. तोच माणूस, तेच पैसे, पण मन खात नाही.

पानिपतचं उदाहरण इथे चपखल बसतं. इब्राहिमखान गारदी मूळचा निजामाकडचा, फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीतला. भाऊसाहेबांकडे येऊन त्याला जेमतेम वर्ष झालेलं. काशीराज पंडितानं लिहून ठेवलंय की १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी तो भाऊंकडे आला, मुजरा केला आणि म्हणाला की माझ्या लोकांच्या दरमहा पगाराचा आग्रह मी धरतो म्हणून आपला माझ्यावर राग होता. या महिन्यात खजिना लुटला गेला, आम्हाला काहीच मिळालेलं नाही. ते राहू द्या, आज मी माझं काम करतो. मग दोन पलटणी कुशीच्या रक्षणाला ठेवून उरलेल्या घेऊन तो रोहिल्यांवर संगिनी लावून गेला. काशीराजच्या हिशोबानं त्याच्याकडे नऊ हजार बंदुकवाले आणि चाळीस तोफा होत्या. सहाएक पलटणी जवळजवळ संपल्या. तो पकडला गेला आणि मारला गेला.

हे सांगणारा काशीराज दक्षिणी ब्राह्मण, पण चाकरी शुजाउद्दौल्याची, म्हणजे समोरच्या छावणीत. इब्राहिमखानाची भलामण करण्यात त्याचा काही फायदा नव्हता.

पगारासाठी सतत भांडणारा माणूस कच्चा असतो, असा समज करून घेऊ नका. तो आपल्या लोकांच्या वतीनं भांडत असेल तर त्यांच्यात त्याचा शब्द चालतो, आणि ज्याचा शब्द चालतो तो सहजासहजी एकटा फुटत नाही.

---

उंटावरचा

१७७३ बद्दल. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ वगैरे गारदी शिरले, निमित्त थकलेल्या पगाराचं. 'ध चा मा' कोणी केला यात आत्ता पडत नाही, त्याचे वेगळे धागे आहेत आणि तिथे माणसं अजून भांडताहेत. पण तुमच्या प्रश्नाला ते उदाहरण लागू होत नाही. गारद्यांनी धनी मारला. आपल्यातला गारदी मारला नाही. सगळे एकत्र आले, एकत्र मारलं, पैसेही एकत्र मागितले. त्याच दिवशी नारायणरावांवर आडवा पडून मेला तो चापाजी टिळेकर, तोही पगारीच, खिदमतगार. दोघांचा खजिना एक, पण चापाजी रोज त्या पोराच्या उठण्याबसण्यात होता, गारदी बाहेरच्या पहाऱ्यावर.

धन्याला विकणं ही एक गोष्ट, शेजारच्या पथारीवरच्याला विकणं ही दुसरी. पहिलीची उदाहरणं पोत्यानं मिळतील. दुसरीची शोधावी लागतात, आणि मिळतात तेव्हा विकणारा जवळजवळ नेहमी एकटा पडलेला असतो: कर्जात बुडालेला, अपमान झालेला, किंवा पलटणीत नवा आलेला.

---

दूरदेशी

युरोपातलं एक उदाहरण टाकून जातो, कारण प्रश्न नेमका तिथे घडला आहे.

नोव्हारा, एप्रिल १५००. मिलानचा ड्यूक लुडोविको स्फोर्झा याच्याकडे स्विस भाडोत्री होते. वेढा घालणाऱ्या फ्रेंच फौजेतही स्विसच. दोन्हीकडे त्याच खोऱ्यांतली, काही त्याच गावांतली माणसं. स्वित्झर्लंडच्या परगण्यांच्या सभेचा हुकूम होता की स्विसांनी स्विसांशी लढू नये. आतल्यांनी लढायला नकार दिला आणि बाहेर पडायची वाट ठरवून घेतली. ड्यूकला मात्र उघड हवाली केलं नाही. त्याला स्विस शिपायाचे कपडे चढवून आपल्या रांगेत लपवलं आणि फ्रेंचांच्या रांगांमधून चालत निघाले. त्यातल्या एकानं, उरी परगण्याच्या हान्स टुरमाननं, पैसे घेऊन त्याच्याकडे बोट दाखवलं. ड्यूकचं उरलेलं आयुष्य फ्रान्समध्ये कैदेत गेलं. टुरमान घरी गेला तेव्हा उरीनं त्यालाच देहदंड दिला.

गंमत बघा. हजारोंनी ड्यूकला सोडलं, त्याला 'लढायला नकार' म्हणून मान्यता मिळाली. एकानं विकलं, तर त्याला त्याच्या गावानं मारलं. मोडीवाला म्हणतात तो 'गावी जाणार कुठे' हा मुद्दा इथे शब्दशः घडलाय.

जुनं हवं असेल तर इसवी सनपूर्व ४०१. धाकटा सायरस ग्रीक भाडोत्र्यांना इराणच्या राजाविरुद्ध नेतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि टार्सस इथे ते अडून बसले. त्यांचा सेनानी क्लिअर्कस बळजबरी करायला गेला तर त्याच्यावर दगड पडले. शेवटी महिन्याचा पगार एक डॅरिकवरून दीड डॅरिक झाला आणि ते निघाले. दीडपट पगारात राजावर चाल मिळाली. पण ती सगळ्यांना मिळून, सभा भरवून.

---

तोफखाना

धागाकर्त्याच्या पैसे पोचवण्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून पुन्हा येतो.

रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा. हजार रुपये म्हणजे साडेअकरा किलो चांदी, पाच हजार म्हणजे ५७ किलोच्या पुढे. वेढ्यातल्या किल्ल्यात एवढी थैली कोणी आत नेत नाही, आणि नेलीच तर पथारीखाली लपत नाही. मोहरा दिल्या तर वजन बरंच उतरतं. मोहरेला सोळा रुपये धरले तरी पाच हजाराच्या ३१२ मोहरा, साडेतीन किलोच्या आत. पण जमादारानं मोहर कुठे मोडली की त्याच दिवशी बाजारभर होतं.

हुंडी हा सोयीचा मार्ग. लखनौच्या सावकारावरची हुंडी, जमादाराच्या भावाच्या नावे. तिची अडचण अशी की ती पटणार की नाही हे काम झाल्यानंतर कळतं. काम करणारा आत, पैसे बाहेर, मधला माणूस दोन्हीकडे नफा बघणारा. बहुतेक सौदे फसतात ते इथे. थोडं बयाणं हातावर, उरलेलं नंतर असं ठरतं. बयाणं घेऊन जमादार गप्प बसतो किंवा किल्लेदाराला जाऊन सांगतो आणि दोन्हीकडून मिळवतो. हस्तकाला तक्रार कुठे करता येणार?

म्हणून त्या काळी पैशापेक्षा कौल मोठा होता: जिवाला अभय, मालमत्तेला हात नाही, पगार चालू. लेखी, शिक्क्यासकट, आणि एकट्याच्या नावे न देता जमावाच्या नावे. दिल्लीच्या लढाईनंतर पेराँच्या हिंदुस्थानी रिसाल्यातले जे दोनेक हजार स्वार कंपनीकडे आले ते असेच, एका झुंडीनं. सरदार कोण हवा विचारल्यावर त्यांनी स्किनरचं नाव घेतलं, त्यांचा 'सिकंदर साहेब'. स्किनरला पेराँनं आधीच काढून टाकलं होतं, तरी त्यानं लेककडे अट घातली होती की शिंद्यांविरुद्ध मला पाठवू नका. त्या स्वारांचं पथक अजून भारतीय लष्करात आहे.

---

पडद्यामागचा

तर मग बदल असा करतो. हस्तक आधी एकट्या जमादाराला पाच हजार देऊ करतो. जमादार नाही म्हणत नाही, होही म्हणत नाही. नंतर तोच हस्तकाकडे उलटा प्रस्ताव नेतो: माझ्या सगळ्या तुकडीची बाकी द्या, कौल द्या, आम्ही २ सप्टेंबरच्या रात्री बाहेर पडतो, दरवाजा मात्र उघडणार नाही. हस्तकाला दरवाजा हवा आहे, माणसं नकोत. इथे बोलणी तुटतात आणि ४ तारखेच्या पहाटे ते सगळे चौथ्या दरवाज्यावर असतात.

---

मोडीवाला

हे पटतं. लेकच्या पत्राशीही जुळतं.

दोन बारीक दुरुस्त्या. जमादाराच्या तोंडी 'मराठ्यांसाठी' असं घालू नका. तो पलटणीचं नाव घेईल किंवा साहेबाचं, फार तर 'सरकार'. आणि हस्तक रक्कम सांगताना नुसतं 'पाच हजार रुपये' म्हणतोय. दुआबात तेव्हा लखनौचा, फर्रुखाबादचा, दिल्लीचा असे वेगवेगळे रुपये चालत आणि सराफ प्रत्येकावर बट्टा कापत. जमादार पहिला प्रश्न विचारेल तो हाच की कोणता रुपया, आणि बट्टा कोणाच्या अंगावर.